सोमवारची धार

डंडीत डिसेंबरात साडेआठनंतर उजाडतं.
त्याआधी मी प्रयोगशाळेचे दिवे लावते,
धूर ओढणाऱ्या कपाटाचा पंखा सुरू करते,
काचेच्या कडेला चिकटवलेली कागदाची चिंधी
आत ओढली जाते का बघते.
चिंधी हलली की दिवस सुरू.

आम्लं खालच्या फळीवर, अल्कली त्यांच्यापासून दूर,
ईथरच्या गळ्यात उघडल्याची तारीख,
आणि जिच्यावर लेबल नाही ती बाटली
बेवारस नाही, माझी.
हे डथींनी शिकवलं. "कोणाची नाही म्हणजे तुझी,"
एवढंच म्हणून त्यांनी किल्ल्या हातात दिल्या.
एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीवर काहीच घडलं नव्हतं.
निरोपाच्या भाषणात म्हणून
सांगण्यासारखं कोणाला काही सापडेना.

सोमवारी डोळे धुण्याचा नळ.
पिवळी पट्टी दाबायची, दोन धारा उसळतात,
पाच मिनिटं वाहू द्यायच्या,
पांढऱ्या मगात पाणी धरून रंग पाहायचा,
मग वहीत खूण, तारीख, सही.
आठवड्यामागून आठवडे मी धूत आले
कोणाचेच नसलेले डोळे.

आई म्हणायची, डोळ्यांत तेल घालून काम कर.
इथे तेलालाही वेगळं कपाट आहे, कुलपाचं.

त्या सोमवारी टे नदीच्या पुलावर वारा होता,
न्यूपोर्टची दुमजली बस पलीकडेच थांबवलेली.
पोचले तेव्हा नऊचा वर्ग दारात उभा.
मी खूण केली, तारीख घातली, सही केली.
पाणी काय, पाणीच.

गुरुवारी कर्स्टी मॅकअ‍ॅरा, वय सतरा,
गॉगल कपाळावर सरकवलेला,
ब्युरेट डोक्याच्या वर धरून भरत होती.
कॉस्टिक सोड्याला एक थेंब पुरतो.
मी तिला मानेला धरून नळाशी नेलं, पट्टी दाबली.
पहिली धार
चहाच्या रंगाची आली.
एक. दोन. तीन. चार.
पापणी दोन बोटांनी उघडी धरून मी मोजत होते.
पाचला पाणी निवळलं.
पुढची वीस मिनिटं ती किंचाळली, मग रडली,
मग नुसती थरथरत राहिली माझ्या हाताखाली.

डोळा वाचला.

चौकशीला विभागप्रमुख ओगिल्वी वही उघडून बसले.
"सोमवारची खूण आहे. म्हणजे आपल्याकडून सगळं चोख."
मग त्यांचं बोट सहीवर थांबलं.
सही मी देवनागरीत करते, पहिल्या दिवसापासून,
उगाच, काहीतरी आपलं असावं म्हणून.
त्या इमारतीत ती कोणाला वाचता येत नाही.
"हे तुझंच नाव ना?"
मी वाचून दाखवलं: हेमांगी ताम्हनकर.
मग सांगितलं, खूण खोटी आहे.

बराच वेळ ते पेनाचं टोपण काढत-लावत राहिले.
"नजरचूक म्हणू या," शेवटी म्हणाले,
त्यांच्या भाषेत, दयाळूपणे.
पण चुकायला नजर आधी जावी लागते.
माझी गेलीच नव्हती तिकडे.
आमच्याकडे त्याला डोळेझाक म्हणतात,
आणि फॉर्मवर 'कारण' या चौकटीत
तेवढ्या शब्दापुरती जागा होती.

लेखी ताकीद मिळाली. ती फाइलीत आहे.

कर्स्टी दहा दिवसांनी आली, डोळ्यात अजून लाल रेघ.
"फार घट्ट धरलं होतंत," म्हणाली, मानेवर हात ठेवून.
मी तिला त्या चहाच्या रंगाचं सांगायला लागले.
"ठाऊक आहे," ती म्हणाली.
"मी आतून बघत होते."

आज सोमवार. बाहेर अजून अंधार.
धारा उसळतात, मगात धरते.
रंग नाही.
तरी पट्टीवरचा हात काढत नाही.
अजून साडेतीन मिनिटं आहेत.